घर क्रमांक एकशे सतरा, अ

चक्कीचा पट्टा फिरत होता तेव्हा
हवालदार कोडापे दारात आले.
"मैनाबाई, चाला जी. झडती आहे. पंच पाहिजे, बाईमाणूस."
मी मोटर बंद केली. रुखमाचं पीठ
डब्यात अर्धंच पडलं होतं.

पंच म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
सहा वर्षांपूर्वी फाट्यावर, जीपच्या बॉनेटवर ठेवून
एका कोऱ्या कागदावर मी सही केली होती.
वर काय लिहिलं गेलं ते साकोलीच्या कोर्टात कळलं,
वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा.
"पंचांसमक्ष" हा शब्द होता त्यात, तीनदा.
माझ्यासमक्ष एक लाल बस उभी होती, आणि एक म्हैस.
तोवर म्हारोती कुंभरे चौदा महिने आत काढून झाला होता.

म्हणून या वेळी हात पुसले, नीट निघाले नाहीत,
आणि म्हटलं, "आधी कागद दाखवा जी."

साहेब नवे, ठवकर आडनावाचे.
त्यांनी दिला. न चिडता दिला, हेही सांगायला हवं.
मी मोठ्यानं वाचला, कारण सगळी गल्ली जमली होती
आणि देवाजी नान्हेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, निळ्या शाईची.
शिक्का गोल, जरा तिरपा पडलेला, पण शिक्का.
तारीख परवाची.
काय शोधायचं: उपसा योजनेची तांब्याची तार, अंदाजे चाळीस किलो.
कुठे: मौजा चिचटोला, घर क्रमांक एकशे सतरा, अ.

अ.

एका शिपायाचा पाय तेव्हा
ब च्या उंबऱ्याच्या आत होता.
ब म्हणजे देवाजीच्या मेलेल्या भावाची बायको,
वाटणीच्या साली मधोमध घातलेली मातीची भिंत,
जिच्यावरून मांजर दिवसातून दहादा येतं-जातं.
"तिकडे नाही जी. कागद भिंतीपाशी थांबते."
साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.
पाय बाहेर आला.

"आता तुमची झडती," मी म्हटलं.
गल्ली हसली. साहेब हसले नाहीत,
स्वतःच खिसे उलटे केले:
रक्तदाबाच्या गोळ्यांचं पान, दोन खाल्लेल्या,
खर्ऱ्याची पन्नी, पंधरा रुपये,
एका पोरीचा शाळेचा फोटो, मागं पेनानं फोन नंबर.
खिशांची अस्तरं बाहेर लोंबत असली
की कोणताच माणूस साहेब दिसत नाही.

मग आत गेलो.
कोपऱ्यात जाळं खुळखुळलं तसे शिपायाचे डोळे चमकले,
तर शिशाच्या गोळ्या, मासोळीच्या जाळ्याच्या.
धानाची ढोली काठीनं खुपसून पाहिली.
त्यानं मिठाच्या बरणीत हात घातला तेव्हा मात्र राहवलं नाही,
"चाळीस किलो तार मिठात मुरवली का बापा?"

सुनेची पेटी उरली.
ती पेटीसमोर उभी होती, हात मागं, पाठ पेटीला टेकलेली.
म्हटलं, ही मी उघडते. तुम्ही तिकडे तोंड करा,
तार निघाली तर मीच हाक मारते.
साहेबांनी खिडकीकडे तोंड केलं.
पेटीत जे होतं ते तांब्याचं नव्हतं.
म्हणून पंचनाम्यात लिहिलं नाही,
इथंही लिहीत नाही.

निरंक.
कोडाप्यांचं अक्षर चांगलं आहे. शेवटच्या ओळीखाली
चार बोटं जागा कोरी राहिली होती,
तिच्यावर आडवी रेघ मारायला लावली.
मगच सही.

एक प्रत देवाजीच्या हातात दिली.
त्यानं ती चाचपली, नाकाजवळ नेली.
माझ्या बोटांचं पीठ लागलं होतं तिला.
"याचे पैसे किती जी?" त्यानं विचारलं.

म्हारोती कुंभरे होता गर्दीत, मागं,
बोरीच्या कुंपणाला टेकून.
मी सही करून मान वर केली
तेव्हा तिथं नुसतं कुंपण होतं.